ग्रहणातल्या ओठाची चौकशी

मूल जन्मण्यापूर्वी त्याच्यातल्या खोटीची जबाबदारी निश्चित झालेली असणे, हे सुसंस्कृत घराचे लक्षण होय. खांडबाऱ्याचे कापडव्यापारी कांतीलाल यांचे घर या बाबतीत साऱ्या तालुक्यात अग्रेसर आहे.

त्यांच्या मातोश्री गवराबाईंना जुना काळ आठवे. तेव्हा फुलवंताबाई दाई पोटावर तेलाचा हात फिरवायची, “पोर मजामा शे” म्हणायची आणि चहा पिऊन जायची. दोषी शोधायला थेट बाळंतपणापर्यंत थांबावे लागे. आता मात्र नातसून आयुषीला सातवा लागला, तोच त्रिमितीय सोनोग्राफीचा फोटो घरात आला. (रंग तांबूस, मशीनच्या पसंतीचा.) फोटोत बाळाचा वरचा ओठ दुभंगलेला होता.

चौकशी चहा निवायच्या आत आटोपली. मागच्या ग्रहणात आयुषीने कात्री वापरली असणार, यावर सासू, चुलतसासू आणि सुरतच्या आत्येसासू (फोनवरून) यांचे एकमत झाले. आरोपीचेही ऐकून घेण्यात आले.

“आजी, ग्रहणात तुम्हीच मला खोलीत बसवून बाहेरून कडी लावली होती. कात्री कुठून आणू?”

“बघा,” गवराबाई शांतपणे म्हणाल्या, “कडी लावली तरी ऐकलं नाही.”

आयुषीचे जेवण सुटले. तेव्हा तिचा नवरा नमन तिला पुन्हा दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी समजावले, की बाळाची मूठ तोंडासमोर होती. मुठीमागच्या ओठापर्यंत ध्वनिलहरी पोचल्याच नाहीत, म्हणून मशीनने तिथे भेग दाखवली. साध्या सोनोग्राफीत ओठ अखंड आहे. त्यांनी नवा फोटोही दिला.

नव्या फोटोत ओठ जुळलेला निघाला. कात्रीचा आरोप सन्मानाने मागे घेण्यात आला. परंतु या खेपेस बाळ हलल्यामुळे कान अर्धाच उमटला होता, आणि आयुषी माहेरच्यांशी मोबाइलवर किती वेळ बोलते, हे सर्वश्रुत होते.

“आता तिसरा फोटो नको,” आयुषी नमनला म्हणाली. “अजून हातपाय शिल्लक आहेत.”

यथाकाल बाळ जन्मले. ओठ अखंड, कान दोन, आवाज स्टेशनापर्यंत जाणारा. गवराबाईंनी ते उजेडात धरून उलटसुलट तपासले. (कापडाची सवय.) कुठेही खोट सापडेना. घरात जराशी निराशा पसरली, आणि आयुषीने कितीतरी दिवसांनी ताट मागितले.

सुज्ञ वाचकांच्या मनात एव्हाना एकच प्रश्न उरला असेल: मुलगा की मुलगी? उत्तर इथे दिलेले नाही. ते कळताच आपणही जबाबदारी निश्चित कराल, आणि ती बिचारी आत्ता कुठे जेवायला बसली आहे.