व्याह्यांच्या कोटावरचा तपकिरी डाग

जळगाव-धुळे पट्ट्यातला मी एकमेव खाजगी गुप्तहेर. दुसरा कोणी असेल तर त्याने खुशाल पुढे यावं, मी मागे सरेन. मागे सरणं मला जमतं. वाचनालयात तीस वर्षं कपाटामागे काढली. तिथेच रंगांवरचा एक जाडजूड ग्रंथ वाचून डागावरून माणूस ओळखण्याची विद्या मला आली, असा माझा समज आहे.

शेजारच्या केवलचंदांच्या मुलीची, सायरची, सगाई झाली. धुळ्याचे व्याही अमृतलाल पांढराशुभ्र कोट घालून आले, हसत परत गेले. दुसऱ्या दिवशी निरोप आला: कोटाच्या खांद्यावर तपकिरी डाग आहेत. तुमच्या माडीवरून कोणीतरी पान थुंकलं. खुलासा करा, नाहीतर सगाई मोडली समजा.

सायर जेवेना. केवलचंद माझ्याकडे आले. "नाना, थुंकलं कोण, एवढं सांगा."

सगाईला मी होतोच. गर्दीला बुजून संध्याकाळभर दारातल्या केळीच्या खांबाला पाठ लावून उभा होतो. माझ्या नजरेतून कोणी सुटणं अशक्य. फक्त मी जमिनीकडे पाहत होतो.

पहिला संशय माडीवरच्या रुपचंदवर. त्याने तोंड उघडून दाखवलं. पान दूरच, दातही नव्हते. मग मी गंजावर संशय धरला, तो सोडून ग्रंथात वाचलेल्या, माकूल या समुद्री माशाच्या तपकिरी शाईवर.

"नाना, जळगावला समुद्र कुठे?" केवलचंद म्हणाले.

तो मुद्दा मी विचाराधीन ठेवला.

पहाटे अंधारात, सगाईला घातलेला माझा पांढरा कोट चढवून केवलचंदांबरोबर निघालो. एसटीत चढताना मागच्या म्हाताऱ्याने विचारलं, "आबा, केळी भरीसन ऊनात का?" मी लगेच ताडलं: केळी भरून आलात का विचारणारा हा स्वतःच केळीचा व्यापारी, डावखुरा, मुलीचं लग्न तोंडावर आलेलं.

धुळ्यात अमृतलालांनी कोट पुढे टाकला. मी भिंग काढलं. "हा डाग पानाचा नाही. कटाची मुळं समुद्रापार आहेत."

अमृतलालांचा चेहरा लाल झाला. केवलचंदांनी मान खाली घातली. सायरचं लग्न माझ्या तोंडून मोडत होतं. डाग नीट दिसावा म्हणून मी खिडकीकडे वळलो.

मागून विहीणबाई हीराबाई म्हणाल्या, "नाना, तसेच उभे राहा. तुमच्या पाठीवर कोण थुंकलं? अख्खं गाव?"

मी मान वळवून पाठ पाहू लागलो, तोवर त्यांनी केवलचंदांना विचारलं,

"दाराला केळीचे खांब होते का हो?"

"होते," केवलचंद म्हणाले. "असोद्याहून ताजे कापून आणलेले."

"मग केळीचा चीक आहे हा. लागतो तेव्हा पाण्यासारखा, वाळला की असा." हीराबाई अमृतलालांकडे वळल्या. "आत जाताना खांदा घासला असेल तुमचा. हे नाना तर चिकटूनच उभे असतील."

"संध्याकाळभर," मी म्हणालो.

अमृतलाल हसत हसत खाली बसले आणि त्यांनी चहा मागवला.

परतताना मी केवलचंदांना विचारलं, "माझी पाठ तुम्हाला दिसली नाही?"

"दिसली, नाना. मला वाटलं, कोटच तसा आहे."

गुन्हेगाराला रंगेहाथ पकडायचं माझं स्वप्न होतं. मीच रंगेपाठ सापडलो.

सायरच्या लग्नात दाराला आंब्याची पानं होती. मी टेकायला जागा शोधत होतो, तेवढ्यात आतून नवरीचा निरोप आला: भिंतीला ताजा चुना दिलाय, नानांना तिथेच टेकू द्या. कोट पांढरा होईल.