सापडलेला दोर

"यंदा नांगर मी ओढणार नाही," कॉफीचा कप खाली ठेवत गुद्रुन म्हणाली. "माझी पाठ आहे ती, क्रेन नव्हे."

हाल्वरने पाव खाणे थांबवले नाही, पण चावण्याचा वेग कमी झाला. नॉर्वेच्या त्या किनाऱ्यावर प्रत्येक छोट्या बोटीत एकच रीत होती. नवरा सुकाणू धरून ओरडायचा आणि बायको पुढे वाकून नांगर ओढायची. ही रीत कोणी घातली कोण जाणे. बहुधा सुकाणू धरणाऱ्यानेच घातली असावी.

"मग काय करायचं म्हणतेस?"

"रहाट बसव. विजेचा. बटण दाबलं की नांगर वर. आणि तो बसवूनही मला दोराला हात लावावा लागला, तर मी पुन्हा बोटीवर पाय ठेवणार नाही. तू एकट्याने जायचं."

हाल्वर घाबरला तो या शेवटच्या वाक्याने. मासे त्याला एकट्याला धरता येत होते, इंजिनही एकट्याला दुरुस्त करता येत होते. पण बेटांपलीकडे नांगर टाकून, थर्मासमधली कॉफी ओतून, तासभर काही न बोलता बसणे एकट्याला कसे जमणार? गप्प बसायलाही समोर कोणीतरी लागते.

रहाट आला. त्यासाठी हाल्वरने कुरकुर केली नाही. अडले ते दोरापाशी. रहाटाच्या चाकात बसेल असा वेगळा दोर हवा होता. त्या गावात दोर कोणी विकत घेत नसे. हिवाळ्यातली वादळे ओसरली की बाहेरच्या बेटांवर मोठ्या जहाजांचे, मासे पाळायच्या जाळ्यांचे दोर वाहून येत. ते गोळा करायचे आणि आपल्या बोटघराच्या भिंतीवर वेटोळी करून टांगायचे. कोणाच्या भिंतीवर किती वेटोळी आहेत, यावरून माणसाची किंमत ठरायची. नवा दोर घेऊन धक्क्यावर उतरणाऱ्याला लोक हळू आवाजात विचारत, "घरी सगळं ठीक आहे ना?"

तरी हाल्वर बोटींच्या सामानाच्या दुकानात गेलाच. दुकानदारीण टोरुनने त्याला दारातच ओळखले.

"घ्यायला आलास की विचारायला?"

"विचारायला."

"मग बस. कॉफी घे. हे बघ, रहाट दोर वर ओढतो, पण नीट ठेवत नाही. बोटीच्या नाकाशी दोराचा जो कप्पा असतो, त्यात तो आपल्या आपण पडायला हवा. तुझ्या बोटीचा कप्पा केवढा आहे?"

हाल्वरने दोन्ही हातांनी बादलीएवढा आकार दाखवला.

"एवढ्याशा जागेत पिळाचा ताठ दोर चालायचा नाही. उभाच राहील. हा विणलेला घे, मऊ आहे."

हाल्वरने दोर चाचपला. खरोखर मऊ होता. मग त्याने इकडेतिकडे पाहिले, दुकानात गावातली आणखी दोन माणसे दिसली, आणि त्याने हात खिशात घातला.

"पिळाचा दोर मऊ करता येतो का गं?" दारापाशी जाऊन त्याने विचारले.

"काही लोक कपडे मऊ करायचं ते औषध घालून धुतात म्हणे," टोरुन सहज बोलून गेली. ती तेवढे बोलली नसती तर ही गोष्ट घडलीच नसती, असे मला वाटते. कदाचित घडलीही असती. हाल्वरचा काही भरवसा नव्हता.

त्याच्या भिंतीवर रहाटाच्या चाकात नेमका बसेल असा एक पांढरा दोर होता. कित्येक वर्षे ऊन आणि मीठ खाऊन तो तारेसारखा ताठ झाला होता. गुद्रुन चर्चच्या गायनाला गेल्यावर हाल्वरने तो कपडे धुण्याच्या यंत्रात कोंबला आणि औषधाची अर्धी बाटली ओतली.

तासाभराने यंत्रातून दोर निघाला नाही. निघाली एक गाठ. कलिंगडापेक्षा मोठी आणि लॅव्हेंडरच्या वासाची. गुद्रुनचा भाऊ एल्लिंग त्याच वेळी दारात उभा राहिला.

"हे काय? मेंढी धुतलीस की काय?"

"बडबड करू नकोस. हे टोक धर."

संध्याकाळपर्यंत दोघे बैठकीच्या खोलीत गाठ सोडवत होते. गुद्रुन परतली तेव्हा दोर सोफ्यावरून, दिव्यावरून आणि एल्लिंगच्या पोटावरून गेला होता.

"दोराला मी हात लावणार नाही असं ठरलंय," ती म्हणाली आणि दोरावरून उडी मारून स्वयंपाकघरात गेली.

मध्य उन्हाळ्याच्या सणाला साऱ्या गावाच्या बोटी एका छोट्या बेटापाशी जमल्या. किनाऱ्यावर शेकोटी पेटली. गुद्रुनने आंबट सायीची खीर आणि खारवलेले मांस आणले होते. एल्लिंगही त्यांच्याच बोटीवर आला होता. हाल्वरने ऐटीत बटण दाबले. नांगर सुळकन खाली गेला, बोट स्थिर झाली.

"बघ!" हाल्वर म्हणाला.

"बघितलं," गुद्रुन म्हणाली, आणि तिने त्याच्या खिरीवर चमचाभर साखर जास्त घातली. हाल्वरला वाटले, जिंकलो.

जेवण उरकते तोच वारा फिरला. बोट खडकांकडे सरकू लागली. हाल्वर सुकाणूकडे धावला आणि त्याने एल्लिंगला बटणावर बसवले. रहाट घरघरला. दोर वर येऊन कप्प्यात जाऊ लागला, आणि टोरुन म्हणाली होती तसाच आत उभा राहिला. आधी ढीग झाला, मग सुळका झाला, मग सुळक्याचे टोक दोर आत येतो त्या वरच्या भोकात अडकले. रहाट कण्हून थांबला.

"कोणीतरी आत जाऊन ढीग सरकवा!" हाल्वर ओरडला.

एल्लिंगने आपल्या पोटाकडे पाहिले, मग कप्प्यामागच्या झोपायच्या खोलीत जायच्या झरोक्यासारख्या दाराकडे. खडक जवळ येत होते. सुकाणू सोडणे शक्य नव्हते.

गुद्रुन बाह्या वर सारून आत गेली.

ती ढीग सरकवू लागताच रहाट मोकळा झाला आणि एल्लिंगला उत्साह चढला. "काय मस्त चाललाय रे!" तो बटणावरचा अंगठा काढेना. कप्पा भरला. ओला दोर बिछान्यावर आला, बिछान्यावरून गुद्रुनच्या मांडीवर, तिथून दारापर्यंत. आतून "थांब! थांब!" असे ऐकू आले तेव्हा नांगर वर आला होता, आणि दोराच्या भिंतीपलीकडे गुद्रुनचा फक्त एक हात दिसत होता. त्या हातावर जेलीफिश होता.

परतीच्या वाटेवर कोणी बोलले नाही. ही गप्प बसण्याची तऱ्हा वेगळी होती. लॅव्हेंडरचा वास मात्र छान येत होता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी गुद्रुन टोरुनच्या दुकानातून निघाली आणि नवाकोरा दोर खांद्यावर टाकून सबंध गावातून चालत धक्क्यावर आली. हाल्वरने तो घाईघाईने घेतला, चिखलात लोळवला, वर शेवाळ चोळले.

"छान आहे रे," एल्लिंग आलाच. "कुठे सापडला?"

"बाहेरच्या बेटांवर."

"अस्सं. आमच्याकडे लेबल लावून वाहत येत नाहीत बाबा."

हाल्वरने लेबल तोडले आणि गुद्रुनकडे न पाहता विचारले, "आता मी एकट्यानेच जायचं ना?"

"शनिवारी जाऊ," ती म्हणाली. "सुकाणू मी धरणार, बटणही माझ्याकडे. तू आत."

शनिवारी बेटांपलीकडे त्यांनी नांगर टाकला, कॉफी घेतली, तासभर काही बोलले नाहीत. मग हाल्वर त्या छोट्या दारातून आत सरपटला आणि बिछान्यावर पालथा पडून कप्प्यात डोके घालून वाट पाहू लागला. वर रहाट घरघरला. नवा दोर आला आणि एकावर एक अलगद पडत, आपल्या आपण कप्प्यात बसत गेला. सरकवायला काही नव्हतेच. आत माणसाची गरजच नव्हती.

हे तो वर सांगणार होता. पण वरून आवाज आला, "अरे, झोपलास का? जोर लाव जरा! तुला काही सांगावं तर धड एक काम होत नाही!" शब्द नि शब्द त्याचेच होते, इतक्या वर्षांचे. आणि ओरडून झाल्यावर गुद्रुन चक्क गुणगुणत होती.

"लावतोय, लावतोय!" हाल्वर म्हणाला. मग त्याने उशी डोक्याखाली घेतली, पाय पसरले, आणि वर ऐकू जाईल अशा बेताने धापा टाकायला सुरुवात केली.