रंभाजीतात्यांचे रुमाल

आमच्या कॉलेजच्या सायकल-स्टँडमधील सर्वांत चांगली जागा रोज सकाळी ज्या गृहस्थांच्या ताब्यात असे, त्यांच्यापाशी सायकल नव्हती. त्यांना ती चालवताही येत नसे.

रंभाजीतात्या कड हे आमच्या ग्रंथालयातले कारकून. मूळचे चाकणकडचे शेतकरी, राहायला पिंपरीत. पुण्याला कॉलेजात येत ते आगगाडीने. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची विद्या आपणां सर्वांनाच अवगत आहे. तात्यांनी ती सायकलींना लागू केली. आम्हा सायकलवाल्यांच्या आधी पोचून ते जुन्या धोतराचे रुमाल लिंबाच्या सावलीत एकेका दगडाखाली अंथरत आणि मगच कामाला लागत.

चिंचवडहून धापा टाकीत येणारा मी त्यांच्या आश्रितांपैकी एक.

"चिंचंखाली लावू नगा, सर. वर कावळ्यांची शाळा हाय. भिंतीकडं उन्हानं टूब फुटंल. वसतिगृहाकडं पोरं हवा सोडत्यात. लिंबाखाली तुमचा रुमाल हाय."

मी तर्कशास्त्र शिकवतो. भीतभीतच म्हणालो, "तात्या, जो आधी येईल त्याची जागा, हा न्याय नव्हे काय?"

"व्हय की! मंग आधी कोन आलं? रुमाल!"

पंचवीस वर्षे मी अनुमाने शिकवली. मुकाट्याने सायकल लिंबाखाली लावली.

अट एकच. सायकल लावली की रुमाल जातीने ग्रंथालयात नेऊन द्यायचा. शिपायाहाती पाठवलेला चालत नसे. गणिताच्या प्राध्यापकांनी एकदा पडशाच्या भरात त्यात नाक शिंकरले, तर "वापरला, हक्क ग्येला!" म्हणून त्यांना आठवडाभर चिंचेखाली धाडण्यात आले. रुमाल दिला की तात्या खुर्ची पुढे सरकवीत, चहा मागवीत आणि विचारीत, "दापोडीच्या पुलावर वारं कसं हुतं?"

पुढे विद्यापीठाचे एक बडे पाहुणे मोटारीतून येणार असे कळले. "मोटारीला रुमाल पुरंल का, राव?" असे म्हणत तात्यांनी घरची सतरंजी आणून लिंबाखाली अंथरली, चार कोपऱ्यांना चार विटा ठेवल्या. मोटार आली. पाहुण्यांनी सतरंजी पाहिली, भारतीय पद्धतीच्या स्वागताने गहिवरले, बूट काढले आणि मांडी घालून बसले. मग प्राचार्य बसले. मग आम्ही सर्व बसलो. स्वागताचे भाषण सायकलींच्या साक्षीने झाले आणि शेजारच्या चिंचेवरून कावळ्यांनी प्राचार्यांच्या नव्या कोटावर आपला अभिप्राय नोंदवला.

दुसऱ्या दिवशी फलक लागला: रुमाल बंद. जागांना क्रमांक, पहारेकऱ्याकडे पत्र्याचे बिल्ले. मला लिंबाखालचाच क्रमांक मिळाला. मी संतुष्ट होतो.

काही दिवसांनी पुस्तकासाठी ग्रंथालयात गेलो. तात्या इस्त्री केलेल्या रुमालांच्या पुन्हा घड्या घालत होते. मला पाहताच खुर्ची सरकली. "पुलावर वारं कसं हुतं?"

"बरे होते. तात्या, बिल्ल्यांमुळे तुमचा त्रास तरी वाचला."

"वाचला की." घडी मोडून त्यांनी पुन्हा घातली. "पर सर, रुमाल द्याया मानूस येतो. बिल्ला द्याया हितं कोन येतंय? खोलीवर आमी एकलेच. गाडीत बी वळखीचं कोन न्हाई. तुमी समदी सायकलवाली."

मी रोज सावलीबद्दल त्यांचे आभार मानत आलो होतो. त्या सावलीचे मोल ते रोज माझ्याकडूनच वसूल करीत होते आणि मला ते कधी उमगले नव्हते.

दुसऱ्या सकाळी सायकल घरी ठेवली, चिंचवडला तात्यांच्या गाडीत, त्यांच्या नेहमीच्या डब्यात चढलो आणि समोरच्या जागेवर माझा रुमाल टाकला. पिंपरीला कारखान्यांतल्या कामगारांची गर्दी आत घुसली.

"कुनाचाय हो रुमाल?"

"येताहेत!" मी ओरडलो. परक्या माणसावर जन्मात प्रथमच.

तात्या आले. रुमालाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि बसले. रुमाल परत घेण्यासाठी मी हात पुढे केला. त्यांनी तो सावकाश चार पदरी दुमडला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"आसा न्हाई, सर. धुतो, इस्त्री करतो. उद्या जातीनं आनून देतो."