न्हाणीघरची मोहीम व अमिग्डाला नामे सुभेदार

संकटसेवा केंद्राच्या सर्व लहानथोरांस विदित व्हावे की, तळमजल्याच्या न्हाणीघरापुढे जी मोहीम जाहली तिजविषयी कँटीनमध्ये भलतीच वदंता उठली. सबब खरे वर्तमान साद्यंत लिहिले असे.

केंद्राच्या समुपदेशक मुद्देसूदबाई बोलण्यात मातबर. घरी नवऱ्याशी भांडतानाही पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा ऐसे बोलत. नुकतीच त्यांनी मेंदूविद्येची तालीम पुरी करोन प्रशस्तिपत्र भिंतीस लाविले होते. त्या विद्येचे सार ऐसे की, भयग्रस्त मनुष्याच्या मस्तकी अमिग्डाला नामे भयाचा चिमुकला सुभेदार बंड करोन तख्त बळकावितो आणि विचाराचा दिवाण रजेवर जातो. सबब ते समयी थोडे बोलावे, सावकाश बोलावे, शहाणपण शिकवू नये. बाईंस हे तोंडपाठ होते.

ऐसियास एके दुपारी शिंपीकाका थोरल्या बहिणीसह दाखल जाहले, आणि जगणे नकोसे जाहले ऐसे बोलले, आणि तोंड धुण्याच्या मिषाने न्हाणीघरात शिरोन आतून कडी घालते जाहले. बहिणीच्या तोंडचे पाणी पळाले. तिणे विनविले की, दार फोडू नये. मागल्या खेपेस फोडिले, त्याउपरी वर्षभर तो कोणाशी धड बोलला नाही. केंद्राच्या साहेबांनी सुतारास हत्यारांनिशी पाचारण केले आणि हुकूम फर्माविला की, सुतार येईतो बाईंस मुदत.

मग बाईंनी दारावर मोर्चा लाविला आणि मुद्द्यांचा तोफखाना डागिला. "काका, पहिला मुद्दा! हे तुम्ही करत नाही आहात, तुमचा अमिग्डाला करतोय!"

"कोण अमिग्डाला?" आतून आरोळी आली. "आणखी माणसं आणलीत? आधी त्याला घालवा!" आणि भरली बादली दारास टेकविल्याचा आवाज जाहला.

तेव्हा बाईंची जी गत जाहली ती लिहिता लेखणी अडखळते. दुसरा मुद्दा काही केल्या आठवेना. खुद्द बाईंच्याच मस्तकी सुभेदार तख्तनशीन जाहला. आणि बाई ओल्या फरशीवर मटकन बसल्या.

"काका, मीच घाबरलेय हो. इथेच बसते."

आतून आवाज आला, "तिथली फरशी ओली आहे ना?"

"आहे."

"कापड कुठलं आहे अंगावर?"

"सुती."

"मग वाळेल."

येथे जाणत्यांनी जाणावे की, काकांचा दिवाण रजेवरोन परतला. बाईंनी हळूच पुसिले, "बोलू का गप्प बसू?"

"गप्प बसा. पण जाऊ नका."

आणि बाई गप्प बसल्या. हा पराक्रम केंद्रात कोणी पूर्वी पाहिला नव्हता. सुतार पोहोचला, त्यासही खुणेने बसविले, आणि तोही हत्यारे मांडीवर घेऊन बसला. मग बादली सरकली. मग कडी निघाली. बहीण भावाचा हात धरोन रडली.

तह ठरला तो ऐसा: काकांनी आजच डॉक्टरांस भेटावे, बहिणीने सोबत राहावे, आणि घरी काकांच्या खोलीचे दार किलकिले ठेवावे. डॉक्टरांकडे जाता काका वळोन बोलले, "त्या अमिग्डालालाही सांगा, माझा त्याच्यावर राग नाही. तोही घाबरलाच असेल."

बाईंपाशी यावर सांगण्याजोगे पुष्कळ मुद्दे होते. एकही न बोलता त्यांनी मान डोलाविली. येणेप्रमाणे फत्ते जाहली.