पलंगाखालचा नानकटाईचा डबा

सोमवारी सकाळी साडेनऊला माझ्या नवऱ्याचं काळीज आमच्या स्वयंपाकघराची तपासणी करायला बाहेर आलं.

आधी कळवलं असतं तर मी ओटा तरी पुसला असता. मुठीएवढं होतं, ओलं होतं, आणि सरळ ओट्यावर येऊन बसलं. ओल्या अंगाने माझ्या ओट्यावर बसलेलं मला चालत नाही. मी स्टीलची ताटली पुढे केली. नवऱ्याचं काळीज, म्हणून अहोजाहोच केलं.

“यावर बसा. आणि काय ते लवकर उरका.”

“मला तासाभराची परवानगी आहे,” काळीज म्हणालं. “पंचनामा होईल. स्वयंपाकघर नापास झालं, तर मी परत आत जाणार नाही.”

“मग यांचं काय?”

“तो माझ्याकडचा विषय नाही.”

हे, म्हणजे मलकप्पा, खुर्चीत बसले होते. शर्टाची वरची तीन बटणं उघडी, चेहरा कोरा. मी विचारलं, “दुखतंय का?” म्हणाले, “नाही.” एरवी बोटात कुसळ गेलं तरी हा माणूस “महानंदा, बघ गं” करत चुलीपर्यंत येतो. ते कोरडं “नाही” मला फार लागलं.

पंच म्हणून शेजारच्या लोचनाबाईंना बोलावलं. त्या हात पुसत आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, “अगं बाई, एवढंसंच? गणपतीच्या वर्गणीला तर केवढं मोठं वाटतं!”

“पंचांनी शेरे मारू नयेत,” काळीज म्हणालं.

आधी करडईच्या तेलाची बाटली झाली. मला ती उजेडात धरायला लावली. “पातळ आहे. चांगलं. भाजीत किती घालता?”

“हाताच्या अंदाजाने.”

“हाताच्या नको. उद्यापासून चमच्याच्या अंदाजाने.”

जवसाच्या चटणीला बरोबरची खूण मिळाली. तळणीचं उरलेलं तेल बघून मात्र ते ताटलीत मागे सरकलं. “यात काय काय तळलं?”

“पुऱ्या. मग भजी. मग कुरडया. गाळून ठेवते मी.”

“काळं पडलंय. गाळल्याने हे उजळत नाही. टाका.”

मी टाकलं. जीव तुटला, पण टाकलं. मग तुपाची बरणी विचारली. मी ती पालथी करून दाखवली. “डॉक्टरांनी तूप कमी करा म्हटलं, मी बंदच केलं. अर्धवट कामं मला जमत नाहीत.”

“वाटीभराला माझी हरकत होती. भातावरच्या चमचाभराला नव्हती,” काळीज म्हणालं. “पण महिनाभर माझ्या नळ्यांत काहीतरी घट्ट येऊन बसतंय. ते यातलं नाही. घरात आणखी काय आहे?”

“काही नाही,” मी म्हटलं. चौथीपर्यंत मी एकदाही नापास झाले नव्हते. आता तर होणारच नव्हते.

घड्याळात दहा मिनिटं उरली होती. तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला.

“पलंगाखाली डबा आहे. नानकटाईचा.”

सव्वीस वर्षांत या माणसाने चारचौघांत मला खोटं पाडलं नव्हतं. पण काळीज बाहेर होतं, त्यामुळे त्यांना माझी भीती वाटत नव्हती. दुसरंही काही वाटत नव्हतं.

उन्हाळ्यात आमच्या सोलापुरात बायका मैदा, साखर, तूप घेऊन बेकरीत नंबर लावतात आणि भट्टीतून डबाभर नानकटाई भाजून आणतात. यंदा तूप बंद, म्हणून मी पुड्यातलं वनस्पती तूप घातलं होतं. साजूकचा थेंब नाही, म्हणून यांना चहाबरोबर सकाळी चार, संध्याकाळी चार देत होते.

काळजाने एका नानकटाईचा वास घेतला. “तूप काढलंत आणि त्याच्या जागी हे बसवलंत? तेल मुद्दाम घट्ट केलेलं आहे हे. तुपापेक्षा मला जड. पुड्यावर लिहिलेलं असतं.”

“मुंगीएवढं लिहिलेलं असतं! मी चौथी शिकले, दुर्बीण नाही शिकले.”

“पण डबा लपवलात.”

“लपवला. भट्टीपुढे तीन तास उभी होते मी. कुणासाठी? ह्या खुर्चीतल्या माणसासाठीच ना? आता तो माझ्याकडे तिकीट खिडकीकडे बघावं तसा बघतोय. लिहा काय लिहायचं ते!”

काळीज ताटलीत थोडं पुढे सरकलं. मग म्हणालं, “डबा आत्ता रिकामा केलात तर पास.”

“लोचनाबाईंच्या कोंबड्यांना घालू?”

“त्यांच्याही छातीत माझे नातेवाईक आहेत.”

मग मी सगळी नानकटाई बादलीत ओतली, पाणी घातलं आणि स्वतःच्या हाताने चुरली. फार खुसखुशीत झाली होती. लोचनाबाईंनी ती शेवग्याच्या बुडाशी पुरली आणि येऊन सही केली. काळीज पंचनाम्याच्या कागदावर एकदा बसून उठलं, तो शिक्का.

दीड मिनिट उरलं होतं. मी ताटली यांच्या छातीला लावली. ते आत गेलं. मी बटणं लावली, खालून वर, एकेक.

यांनी डोळे मिचकावले. माझ्या हातांकडे बघितलं, रिकाम्या डब्याकडे बघितलं आणि खुर्चीत आक्रसून बसले.

“महानंदा,” हळूच म्हणाले, “रागावलीस का गं?”

बसलं होतं. नीट जागेवर बसलं होतं.

“रागावू नको तर काय करू?” मी ओरडले आणि भाकरी टाकायला वळले. डोळे पुसायला पदर कमी पडला.

ती ताटली घासून वेगळी ठेवली आहे. पुढची तपासणी सहा महिन्यांनी आहे.