दप्तरदारांनी बॅट पारखिली आणि किल्ली घेतली, त्याची हकीकत

आज्ञा जाहली की, पंपांचे कारखान्यातील टेबल टेनिसचे खोलीची किल्ली कोठीखात्याचे कब्जातून दप्तरखात्याचे कब्जात कैसी आली, मध्ये रणे कैसी जाहली, कोणी शर्थ केली आणि कोणी अक्कल गहाण ठेविली, हे साद्यंत लिहावे. त्यावरून चहा शेजारी ठेवून, जे डोळां पाहिले, जे कानी आले, आणि जे दोन्ही पक्षांनी आपापले सोयीने सांगितले, त्यातील फुशारकी वजा करून उरले ते लिहिले आहे. वाचणाराने हसू आल्यास हसावे. परंतु ज्यांचेवर गुदरली त्यांस त्या वेळी हसू आले नाही, हेही ध्यानी धरावे.

कारखान्यात टेबल एक, खोली एक आणि कुलूप एक. दरसाल कोठीखाते आणि दप्तरखाते यांचे एकेक सरदार झुंजत, आणि जिंकेल त्याचे खात्याकडे वर्षभर किल्ली राही, आणि जेवणाचे सुटीतील खेळाचा हक्कही त्याचाच. हारलेल्यांनी कारखाना सुटलियावर, फरशी पुसून जाहलियावर, ओल्यात घसरत खेळावे, ऐसा करार होता. दप्तरखात्याचे सरदार ते दप्तरदार, पंपांचे नकाशे व कागद सांभाळणारे. अंगकाठी बारीक, बोलणे मोजके, आणि ज्या चिठ्ठीवर सही नाही ती चिठ्ठी आणणारा खुद्द मोठा साहेब असला तरी ती परत करणारे. कोठीखात्याचे सरदार ते कोठीवाले, सुट्या भागांचे कोठाराचे मालक. देह भारदस्त, आवाज असा की कोठारात शिंकले तर फाटकावर ऐकू यावे. आणि हे उभयता परस्परांचे व्याही. दप्तरदारांची कन्या कोठीवाल्यांचे घरची सून. तेणेकरून मार द्यायचा तोही मानाने आणि खायचा तोही मानाने, ऐसा प्रसंग.

कैक सालें दप्तरदार हारत आले. दर वेळी कोठीवाले त्यांचे खांद्यावर हात ठेवीत आणि मधाळ आवाजात म्हणत, "व्याहीबुवा, मनाला लावून घेऊ नका. पुढल्या वर्षी!" हे 'पुढल्या वर्षी' दप्तरदार घरी नेत, आणि ते त्यांस वर्षभर पुरे. परंतु या साली मजकूर निराळा. निवृत्तीचा हुकूम हाती आला होता. पुढले वर्ष म्हणून काही उरलेच नव्हते. आपण जायचे आणि आपली माणसे मागे ओल्या फरशीवर घसरत राहायची, हे दप्तरदारांस मानवेना. मग त्यांनी मनाशी निश्चय केला की, यंदा किल्ली घेतल्यावाचून कारखाना सोडणे नाही.

मग मसलत केली. मसलतीस दप्तरदार एकटेच हजर होते, म्हणोन एकमत तात्काळ जाहले. ठराव ऐसा की, दोष हाताचा नव्हे, हत्याराचा. आपली बॅट जुनाट, रबराच्या कडा सुटलेल्या आणि कागद चिकटवायचे पट्टीने डकवलेल्या. कोठीवाल्यांची बॅट नवी, झगझगीत, तिच्या लाकडात कार्बनचा थर. तस्मात तैसीच बॅट पैदा करावी आणि शत्रूस शत्रूचेच शस्त्राने नामोहरम करावे. ऐसे ठरवून, घरी कोणास न सांगता, पिशवी घेऊन स्वारी बाजारात दाखल जाहली.

खेळांचे सामानाचे दुकान बाजाराचे कोपऱ्यावर, आत रबराचा वास, वर टांगलेले बूट. दुकानदार चष्मा कपाळावर चढवून बसलेले. गिऱ्हाईक कोणीही येवो, ते एकच सवाल करीत, तो दप्तरदारांसही केला: "तुमचा खेळ कसा?"

येथे खरे बोलावे की नाही, हा पेच पडला. आणि दप्तरदारांनी, ज्यांनी उभ्या नोकरीत एक खोटी नोंद केली नाही, त्यांनी छाती काढून जबानी दिली की, "चढाईचा. दोन्ही बाजूंनी फटके. समोरच्याला उसंत देत नाही." वास्तविक पाहता त्यांनी हयातीत स्मॅश मारिले दोन, आणि त्यातील एक शिंक आल्यामुळे लागला होता. परंतु दुकानदारांस हे काय ठाऊक? त्यांनी जबानीबरहुकूम माल काढिला: कार्बनचे लाकूड, जाड स्पंज, आणि रबर ऐसे चिकट की बॅट उलटी धरली तरी चेंडू क्षणभर लोंबत राही. दप्तरदारांनी ती बॅट हवेत फिरविली, आणि दुकानाचे आरशात स्वतःस पाहून त्यांस बहुत हर्ष जाहला.

मग दुसरे दिवशी ओल्या फरशीवर सराव मांडला. समोर दप्तरखात्याच्या टंकलेखक बाई उभ्या राहिल्या. दप्तरदारांनी नेहमीप्रमाणे हलकेच बॅट पुढे केली, आणि चेंडू टेबलास न शिवता थेट पंख्यात गेला. दुसरा गेला तो बाईंनी संध्याकाळचे खाण्यास उघडलेल्या डब्यात. तिसरा दारातून बाहेर पडोन मोठे साहेबांचे चहाचे कपात विसावला, आणि साहेबांनी तो दोन बोटांत धरून आणिला व पुसिले, "हा तुमचा का?" दप्तरदारांनी कबूल केले. पुढे जितका सराव केला तितकी फजिती वाढत गेली, आणि अखेर टंकलेखक बाई डबा झाकूनच खेळू लागल्या.

मग दप्तरदारांचा धीर सुटला. बॅट टॉवेलात गुंडाळून कपाटावर टाकिली आणि पलंगाचे कडेवर बसोन बाईसाहेबांस, म्हणजे आपले कुटुंबास, लपवून आणलेल्या बॅटीची हकीकत सांगून म्हणाले, "संपलं. हात राहिला नाही आता."

बाईसाहेब धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालीत होत्या. त्या म्हणाल्या, "हाताला काय झालंय? दुकानदाराला तुम्ही सांगितलंत काय?" मग दप्तरदारांनी जबानी पुन्हा सांगितली, फटके व उसंत यांसुद्धा. ते ऐकून बाईसाहेब ऐशा हसल्या की घड्यांची चळत कोसळली. मग डोळे पुसून, पायांत चपला घालून, कपाटावरून बॅट उतरवून त्यांनी फर्मावले की, आत्ताचे आत्ता उठावे. दप्तरदार उठले.

दुकानी पोचताच दुकानदारांनी चष्मा कपाळावर चढवून पुन्हा तोच सवाल टाकिला. दप्तरदारांनी तोंड उघडले, तोच बाईसाहेबांनी हात वर करून त्यांस आवरिले आणि आपण साक्ष दिली. ती जैसी दिली तैसीच लिहितो:

"हे मारत-बिरत काही नाहीत हो. समोरून आलेलं परत देतात, बस. कितीही जोरात या, परत. कसंही या, परत. एवढी वर्षं झाली लग्नाला, मी यांच्याशी एकही भांडण जिंकलेली नाही. हे आवाज चढवत नाहीत, चिडत नाहीत. मीच बोलून बोलून दमते आणि शेवटी मीच म्हणते, बरं, तुमचं खरं."

दुकानदारांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि दप्तरदारांस खालपासून वरपर्यंत न्याहाळिले. म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंत, साहेब?" आणि आतील फळीवरून धुळीने माखलेला खोका काढिला, त्या मालास गिऱ्हाईक नव्हते, कारण आपला खेळ तैसा आहे हे कोणी कबूलच करीत नसे. आत साधे लाकूड, पाते किंचित रुंद, एके बाजूस पातळ स्पंजाचे लाल रबर आणि दुसरे बाजूस काळे, त्यावर लांब लांब मऊ दाणे. दुकानदार म्हणाले की, ही बॅट जोर करीत नाही. समोरच्याने चेंडूस दिलेली फिरकी ती त्याचीच त्याला परत करते. मग कार्बनची बॅट त्यांनी माघारी घेतली. त्याविषयीची वाटाघाट बाईसाहेबांनी केली, म्हणजे ती किती वेळ चालली हे लिहिणे नलगे.

परतीचे वाटेवर दप्तरदारांस प्रथम वाटले की, भर दुकानात आपली लाज गेली. मग वाटले की, या बाईने आपला खेळ एकदाही पाहिला नाही आणि तरी तो बारकाव्यासह सांगितला. आपल्यास इतके नीट कोणी वाचिले असेल हे त्यांस ठाऊक नव्हते, आणि त्यांस बहुत बरे वाटले. मग त्यांनी पिशवी बाईसाहेबांचे हातातून आपले हाती घेतली.

रणाचा दिवस उजाडला. कन्येने सकाळीच दोन्ही घरी निरोप धाडिला की, आपण तटस्थ आहोत, आणि रात्री जेवताना कोणी टेबलाचा विषय काढल्यास वाढणार नाही. सुटी होताच दोन्ही खाती आपापले डबे घेऊन भिंतींस टेकली. कोठीवाल्यांनी व्याह्यांची नवी बॅट पाहिली, तिचे दाणे चाचपले आणि म्हणाले, "हे काय, कंगवा आणलात की काय?" कोठीखाते खदखदले.

पहिला गेम कोठीवाल्यांनी मारिला. दुसऱ्यात दप्तरदारांचे हातास बॅटची ओळख पटली, आणि मग जे सुरू जाहले त्यास युद्ध म्हणावे की सरकारी पत्रव्यवहार, हे कळेना. कोठीवाले तडाखा देत, चेंडू परत येई. फिरकी देत, ती उलटी होऊन परत येई. नेटाजवळ टाकीत, तेथूनही परत येई. आणि कोठीवाले अधिक जोर करीत, आणि चेंडू कधी नेटात, कधी कोठीखात्याचेच डब्यात पडे. लोकांचे घास हातातच राहिले. अखेरचे गेमात कोठीवाल्यांचा सदरा भिजोन चिंब जाहला, आणि ते टेबलाचे कडेस दोन्ही हात टेकून ओरडले, "अहो, एकदा तरी मारा की!"

दप्तरदारांस मोह पडला. सारे खाते पाहात होते, मारावा एक. परंतु त्यांनी दुकानातील साक्ष आठविली, आणि तोंडाने "बरं" म्हणोन हाताने चेंडू पुन्हा परत दिला. तेव्हा कोठीवाल्यांचा संयम सुटला, आणि त्यांनी अंगातील सारे बळ एकवटून ऐसा फटका हाणिला की चेंडू टेबलास न शिवता भिंतीवर आपटून फुटला. अखेरचा गुण दप्तरदारांस मिळाला आणि डाव संपला.

मग कोठीवाल्यांनी कमरेची किल्ली सोडिली, व्याह्यांचे तळहातावर ठेविली आणि दम खात म्हणाले, "बरं, व्याहीबुवा. तुमचं खरं."

हे शब्द दप्तरदारांचे ओळखीचे होते.

येणेप्रमाणे पंपांचे कारखान्यातील टेबल टेनिसचे खोलीची किल्ली दप्तरखात्याकडे रुजू जाहली, खिळ्यास लाविली गेली, आणि निवृत्तीचे दिवशी दप्तरदारांनी ती आपले हाताने टंकलेखक बाईंचे स्वाधीन केली. त्या बाईंनी त्या दिवशीचे जेवणाचे सुटीत डबा उघडा ठेवून खेळ केला. फत्ते जाहली, ती एका बॅटीने व एका साक्षीने जाहली, हे नमूद असावे.

पुरवणी ऐसी की, पुढे कोठीवाले पत्ता काढून, घरी कोणास न सांगता, त्याच दुकानी गेले आणि दाण्यांची बॅट मागितली. दुकानदारांनी पुसिले, "तुमचा खेळ कसा?" कोठीवाल्यांनी घसा खाकरून जबाब दिला, "संयमाचा."

दुकानदारांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, त्यांस खालपासून वरपर्यंत न्याहाळिले, आणि म्हणाले, "घरच्यांना घेऊन या."