टाकीतलं ॲनालिसिस

तक्रारभाऊंना कुणी मूर्ख म्हटलं असतं, तर त्यांनी ते हसण्यावारी नेलं असतं. त्याची त्यांना सवय होती. (लग्नाला बरीच वर्षं झाली होती.) पण त्या दिवशी मॅनेजरमॅडम म्हणाल्या, "तुम्ही कष्टाळू आहात हो, पण ॲनालिटिकल नाही," आणि भाऊंची झोपच उडाली.

भाऊ कापडाचे रंग बनवणाऱ्या कारखान्यात कारकून. 'तुमचा रंग जातो' अशा तक्रारींना 'आमचा रंग जात नाही' असं उत्तर पाठवणं हे त्यांचं काम, म्हणून ते तक्रारभाऊ. हेडक्लार्क नुकतेच रिटायर झाले होते. त्या रिकाम्या खुर्चीवर आपण बसायचं, हे भाऊंनी मनोमन पक्कं केलं होतं. पण मॅडम सोमवारी नाव जाहीर करणार होत्या, आणि त्यांना हवा होता ॲनालिटिकल माणूस. आता हा काय प्रकार?

घरी येताच त्यांनी कॉलेजात शिकणाऱ्या लेकीला गाठलं.

"ॲनालिटिकल म्हणजे काय गं?"

"एखादी गोष्ट का घडली, याचा पायरीपायरीने विचार करणारा माणूस. हे असेल तर ते असणार, ते नसेल तर हे नसणार, असा."

"एवढंच? मग मी जन्मापासून ॲनालिटिकल आहे!"

"म्हणूनच परवा शेजाऱ्यांच्या दाराला आपली किल्ली लावून, कुलूप बिघडलं म्हणून ओरडत होतात," भाऊंची बायको, म्हणजे सगळ्या बिल्डिंगच्या वहिनी, स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

भाऊंनी तिकडे दुर्लक्ष केलं. नवा शब्द हाती लागला होता, तो वापरल्याशिवाय त्यांना चैन कुठलं! जेवताना ते म्हणाले, "आज भाजी अगदी ॲनालिटिकल झालीय."

"मीठ कमी आहे असं सरळ सांगा की," वहिनी म्हणाल्या.

रविवारी दुपारी भाऊ पलंगावर आडवे झाले आणि त्यांचं लक्ष छतावरच्या डागाकडे गेलं. वरच्या मजल्यावर मॅडमचं घर. (क्वार्टर्स कंपनीच्या, त्यामुळे मॅडम ऑफिसातही डोक्यावर आणि घरीही.) डाग का पडला? ओल आली म्हणून. ओल का आली? मॅडमच्या बाथरूमचा पाइप गळतो म्हणून. पण पुरावा? भाऊ ताडकन उठून बसले. पाण्यात रंग टाकायचा! डाग निळा झाला तर पाइप गळतोय, नाही झाला तर गळत नाही. आणि सोमवारी हे सगळं मॅडमसमोर मांडलं, की खुर्ची कुठे जातेय!

आता मॅडमच्या बाथरूममध्ये शिरून रंग टाकणं बरं दिसलं नसतं. म्हणून सोमवारी पहाटे भाऊ गच्चीवर गेले आणि त्यांनी वापरायच्या पाण्याच्या टाकीत कंपनीच्या निळ्या रंगाचा अख्खा डबा रिकामा केला. (प्यायच्या पाण्याची टाकी वेगळी होती. एवढं ॲनालिसिस त्यांनी केलं होतं.) त्या टाकीच्या पाण्याने सगळीच बिल्डिंग आंघोळ करते, ही पायरी मात्र त्यांच्याकडून गाळली गेली.

कंपनीचा रंग भारी लबाड. पाण्यात दिसायचा जेमतेम. अंगाला लागून वारा खाल्ला की मग चढायचा.

उजाडलं तसे भाऊ स्टुलावर चढून डाग न्याहाळू लागले. डाग निळा होईना. हात लावून पाहिला, तर खडखडीत कोरडा! इतक्यात बाथरूममधून वहिनी बाहेर आल्या, आणि भाऊंच्या डोळ्यांदेखत वांग्याच्या रंगाच्या झाल्या.

"काय केलंत?"

"मीच कशावरून?"

"तुमच्या तोंडावरून! आणि तो डाग कसला बघताय? तुम्हीच सोड्याची बाटली हलवून उघडली होतीत. विसरलात?"

वरून मॅडमची किंकाळी आली. मागोमाग सगळ्या मजल्यांवरून दारं आपटल्याचे आवाज.

"जा, आधी आंघोळ करा," वहिनी म्हणाल्या.

"त्या पाण्याने? वेड लागलंय का मला?"

"अहो, ऐका माझं!"

पण भाऊ पांढराशुभ्र शर्ट चढवून खाली पळाले. अंगणात सगळी बिल्डिंग जमली होती. कॅशिअर कानापर्यंत निळा, त्याची बायको कानाच्या वरही निळी. चौकीदाराने 'रंग जात नाही' अशी तक्रार तिथेच भाऊंकडे केली. कारखाना सुरू झाल्यापासूनची ही असली पहिलीच तक्रार. मधोमध मॅडम, निळ्याजांभळ्या, पण डोकं थंड.

"रंग ज्याने टाकला, त्याला पाण्यात रंग आहे हे ठाऊक होतं," मॅडम सावकाश म्हणाल्या. "ज्याला ठाऊक होतं, तो त्या पाण्याने आंघोळ करणार नाही. आणि ज्याने आंघोळ केली नाही, तो निळा होणार नाही."

पायरीमागून पायरी! भाऊंना राहवेना. "वा मॅडम! याला म्हणतात ॲनालिटिकल!" म्हणत त्यांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. कुणीच साथ देईना, म्हणून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. सगळे निळे हात खाली होते. वर होते ते फक्त दोन, गोरेगोमटे, त्यांचे स्वतःचे. भाऊंनी ते हळूच पाठीमागे लपवले.

हेडक्लार्कची खुर्ची कॅशिअरला मिळाली. खुर्ची नंतर निळी झाली, तो भाग वेगळा.

संध्याकाळी भाऊ तोंड पाडून बसले होते. वहिनी फोन ठेवून आल्या.

"तुमच्या ताईंचा फोन होता. जागा का नाही मिळाली, विचारत होत्या."

"मग? ॲनालिटिकल माणूस हवा होता, हे नीट समजावून सांगितलंस ना?"

"एवढं कोण समजावत बसणार? सांगितलं, आंघोळ केली नाही म्हणून."